यंत्र शाळेचे नव्हे, मुलाचे

प्रत्येक मुलाला स्वतःचे यंत्र देण्याचा प्रयोग महाराष्ट्रात २००७ सालीच झाला. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराटच्या एकशिक्षकी शाळेत वीसेक मुलांच्या हाती ‘एक्सओ’ लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटी यांची कल्पना. यंत्र मुलाच्या मालकीचे, घरी न्यायचे. भर उन्हात वाचता येणारा पडदा आणि शेजारच्या यंत्राशी थेट जोडणी, ही त्याची खरी करामत. किंमत मात्र ठरलेल्या १०० डॉलरांत कधी बसली नाही. केंद्र सरकारने तर या योजनेला २००६ मध्येच नकार दिला होता.

दशकभरानंतरही यंत्र घरोघरी पोहोचले नव्हते: २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शहरी घरांपैकी २३.४ टक्क्यांत संगणक होता, ग्रामीण घरांपैकी अवघ्या ४.४ टक्क्यांत. इंटरनेटची सोय अनुक्रमे ४२ आणि १४.९ टक्के घरांत. उदाहरणार्थ, विदर्भातले दिग्रस हे नगरपरिषदेचे गाव, म्हणून हिशेबात ‘शहर’; भोवतालची खेडी ‘ग्रामीण’. म्हणजे ही दरी एकाच तालुक्यातून जाते.

ही दरी ओलांडायला कोरोनाच्या टाळेबंदीत, जुलै २०२०पासून, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिकेतून पहिली ते आठवीचे पाठ सुरू झाले. स्मार्टफोन वाढलेत, खरे. पण घरात एकच असेल तर तो सकाळीच बापाबरोबर वावरात जातो.