हिशेबाची किल्ली कोणाच्या कमरेला?

आंब्याचा हंगाम आणि ३१ मार्च नेमके एकाच वेळी यावेत, ही आम्हा कोकणातल्या बायकांची जुनी तक्रार. इकडे बागेतून पेट्या उतरत असतात, वाशीच्या दलालाची पट्टी यायची असते, आणि तेवढ्यात सीएंच्या ऑफिसातून फोन येतो, ‘‘ताई, टॅलीचा डेटा पाठवा.’’ डेटा म्हणजे नक्की काय पाठवायचं आणि पाठवल्यावर आपल्याकडे काय उरतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

बचत गटांच्या कामासाठी मी रत्नागिरी तालुक्यात फिरते. आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ, लोणची... आमच्या बायकांच्या हाताला चव आहे आणि भाव करायलाही त्या आता शिकल्यात. पण हिशेबाचं विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘‘ते सगळं सरांकडे असतं हो!’’ घरातल्या कपाटाची किल्ली सुनेच्याही हाती चटकन न देणारी बाई धंद्याची किल्ली मात्र खुशाल परक्याच्या हाती देऊन मोकळी होते, याचं मला फार नवल वाटतं.

कुवारबावच्या माझ्या एका मैत्रिणीचंच बघा. हिशेब लिहिणारा मुलगा हुशार, प्रामाणिक. टॅली त्याच्याच लॅपटॉपवर. जीएसटीच्या नोंदणीलाही त्याचाच मोबाइल नंबर दिलेला, म्हणजे ओटीपी त्यालाच येणार. मुलगा नोकरी लागून पुण्याला गेला. इकडे हिने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाच्या केंद्र सरकारच्या योजनेत अर्ज केलेला. २०२० साली सुरू झालेल्या या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. बँकेने मागच्या वर्षांचे हिशेब मागितले. फोनवर फोन झाले, मुलाला सवड होईना. कागद हाती आले तोवर मे संपत आला होता. यंत्र आलं पावसात, आंबा संपल्यावर! मुलाने काही वाईट केलं नाही, पण वहिनींचं एक वर्ष गेलं ते गेलंच.

जीएसटीचा नंबर असा दुसऱ्याकडे अडकला असेल, तर आपल्या भागातल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे ओळखीचे आणि धंद्याचे कागद घेऊन जावं, मोबाइल आणि ई-मेल बदलून मिळतो. रिटर्न भरणारा कुणीही असो, कायद्याच्या लेखी जबाबदार आपणच.

आता टॅलीबद्दल थोडं. आपल्याकडे छोट्या धंद्यांत बहुतेक हेच चालतं. बंगळुरूच्या श्यामसुंदर गोएंकांना स्वतःच्या धंद्याचा हिशेब ठेवायला मनासारखं काही मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंकांना, ते तयार करायला सांगितलं. साल १९८६. म्हणजे हे सॉफ्टवेअर जन्मालाच आलं ते घरच्या हिशेबाच्या अडचणीतून. त्याला घाबरायचं ते काय? कीर्द, खतावणी तीच, फक्त चोपडी पडद्यावर आली.

आपल्या धंद्याला टॅली ‘कंपनी’ म्हणते आणि तिचं सगळं एका आकडी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय ही बटणं एकत्र दाबली की ‘डेटा’चा मेनू उघडतो, त्यात ‘बॅकअप’ आहे. पेनड्राइव्ह लावायचा, कंपनी निवडायची, झालं. भात शिजेपर्यंत होणारं काम आहे. ही बॅकअपची प्रत सीएंना पाठवायची, मूळ चोपडी आपल्याकडेच राहते. पाठवण्याआधी त्यांच्याकडची टॅली कुठली आहे तेवढं विचारा. नव्या आवृत्तीतला डेटा जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि मग दोन्हीकडून चिडचिड होते.

खरा घोळ होतो तो प्रत परत येते तेव्हा. समजा, ५ एप्रिलला तुम्ही बॅकअप दिला. सीए त्यांच्या प्रतीत घसारा, कर्जाचं व्याज, राहून गेलेल्या नोंदी घालतात. इकडे तुमचं काम थांबत नाही. एप्रिल-मे म्हणजे आंबाखरेदीची बिलं, बाटल्या, बरण्या, मजुरी, रोज नोंदी चालूच. म्हणजे एकाच चोपडीच्या दोन चोपड्या झाल्या, आणि दोन्ही अर्धवट! २० मेला सीएंचा डेटा परत आला आणि तो तुम्ही जुन्याच जागी ‘रिस्टोअर’ केलात, की आधीचं पुसून त्यावर नवं बसतं. दीड महिन्याच्या नोंदी गडप. हंगामातली ती बिलं पुन्हा कोण लिहिणार?

म्हणून मी आमच्या बायकांना सांगते, सीएंकडून डेटा परत मागूच नका, त्यांनी केलेल्या नोंदींची यादी मागा. तारीख, खातं, रक्कम, कारण. दहा-पंधरा ओळींची यादी असते, ती आपणच आपल्या टॅलीत घालायची. दोन्हीकडचा ताळेबंद जुळला की काम झालं. घसारा म्हणजे काय, हेही त्या निमित्ताने कळतं. डेटाच आला, तर तो वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून बघा. शिवाय वर्षाचा हिशेब पक्का झाला की मागच्या तारखांना हात लावता येणार नाही अशी सोय टॅलीत आहे, ती सीएंकडून करून घ्या. नोंदी करणाऱ्या मुलीला वेगळा पासवर्ड, मालकिणीला वेगळा. ‘टॅली व्हॉल्ट’चा पासवर्ड मात्र जपून हं! तो विसरला तर कंपनी उघडत नाही, विकणाऱ्यालाही नाही.

प्रत कुठे ठेवायची? २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं, ते आपल्या जिल्ह्यात कोण विसरेल? असं पाणी आलं की कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातला पेनड्राइव्ह बरोबरच बुडतात. एक प्रत माहेरी ठेवा, बहिणीकडे ठेवा, ई-मेलवर ठेवा. जीएसटीच्या नियमाने हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. सहा वर्षांत कोकणात किती पावसाळे येतात, ते मोजा.

सगळं सीएंवर टाकलं तरी एक काम ते करू शकत नाहीत. ३१ मार्चला आगळाच्या किती बाटल्या उरल्या, कोऱ्या लेबलांचे किती गठ्ठे पडून आहेत, लोणच्याच्या किती बरण्यांना बुरशी लागून त्या टाकाव्या लागल्या, हे त्यांना इथून कोण सांगणार? पावसकडच्या एका गटात आता ३१ मार्चला संध्याकाळी दोघीजणी माळ्यावर चढतात. एक मोजते, दुसरी वहीत लिहिते, दोघी सह्या करतात. त्या दिवशी विक्री लवकर बंद, कारण मोजून झाल्यावर एकही बरणी हलवायची नाही. दुसऱ्या दिवशी ते आकडे टॅलीत जातात, बॅकअप निघतो, आणि सीएंचा फोन यायच्या आत यांचाच फोन जातो, ‘‘साहेब, डेटा पाठवलाय. नोंदींची यादी कधी देताय?’’