एनडीएला खासदाराचं पत्र लागत नाही

चांदूर रेल्वे तालुक्यातल्या एखाद्या घरात पोराने 'मला फौजेत ऑफिसर व्हायचं आहे' असं सांगितलं, की मोठ्या माणसांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो ओळखीचा. कोणाचा वशिला चालेल? आमदारसाहेबांच्या लेटरपॅडवर दोन ओळी मिळतील का? खासदार तर वर्ध्याचे, कारण आपला तालुका जिल्ह्याने अमरावतीचा असला तरी लोकसभेला वर्धा मतदारसंघात मोडतो. मग त्यांच्यापर्यंत पोचायचं कोणामार्फत? या फिरण्यात पोराच्या अभ्यासाचे महिने जातात, कधी अर्जाची तारीखही निघून जाते. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, जायला कोणत्याही लोकप्रतिनिधीची शिफारस लागत नाही. अर्जात अशा पत्रासाठी रकानाच नाही. उलट निवडीशी संबंधित माणसावर दबाव आणला, तर उमेदवाराला अपात्र ठरवण्याचा अधिकार ही परीक्षा घेणाऱ्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या, म्हणजे यूपीएससीच्या, नियमांतच आहे.

मग लोकांना असं का वाटतं? याला कारणं आहेत, आणि ती समजून घेतल्याशिवाय गैरसमज जात नाही. अमेरिकेत खरोखरच शिफारस लागते. तिथल्या वेस्ट पॉइंटसारख्या लष्करी अकादमीत जाण्यासाठी सहसा संसद सदस्याचं किंवा उपराष्ट्राध्यक्षांचं अधिकृत नामांकन मिळवावं लागतं. प्रत्येक सदस्याच्या नावावर एका अकादमीत एका वेळी पाच विद्यार्थी असू शकतात. मोबाइलवर ही माहिती वाचणाऱ्याला आपल्याकडेही तसंच असेल असं वाटणं स्वाभाविक आहे. दुसरं कारण घराजवळचं. केंद्रीय विद्यालयात खासदारांना दरवर्षी 10 मुलांची शिफारस करता येत असे. तो कोटा 2022 साली बंद झाला, पण पत्राने प्रवेश होतो ही आठवण लोकांच्या मनात पक्की राहिली. आणि तिसरं कारण त्याहून जुनं आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी सँडहर्स्टच्या अकादमीत भारतीय तरुणांसाठी वर्षाला 10 जागा ठेवल्या, तेव्हा घराणं आणि सरकारची मर्जी या गोष्टींना खरोखर वजन होतं. हे वजन मोडावं म्हणून आपल्या लोकांनी भांडण केलं. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे 1931 च्या इंडियन मिलिटरी कॉलेज कमिटीवर होते. त्यातून 1932 साली डेहराडूनची लष्करी अकादमी सुरू झाली, तेव्हा पहिल्या 40 जणांपैकी 15 जण खुल्या स्पर्धेतून आले. मुंज्यांनी पुढे 1937 साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं. खुली परीक्षा अशी मागून मिळवलेली आहे. तिच्या दारात आपणच चिठ्ठी घेऊन उभं राहावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परीक्षा वर्षातून दोनदा होते, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. गणित 300 गुणांचं, सामान्य क्षमता 600 गुणांची. दोन्ही पेपर अडीच-अडीच तासांचे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. लेखी पार केलेल्यांना सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या, म्हणजे एसएसबीच्या, चाचण्यांसाठी बोलावतात आणि तिथेही 900 गुण असतात. अंतिम यादी लागते ती या 1800 गुणांवर.

'लेखीचं ठीक, पण मुलाखतीत तर ओळख चालतेच ना?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून यावर जरा थांबतो. एसएसबी म्हणजे टेबलापलीकडच्या तिघांनी वीस मिनिटं प्रश्न विचारायची मुलाखत नव्हे. ती पाच दिवस चालते. आपल्याकडच्या मुलांना भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरू असं कुठलंही केंद्र मिळू शकतं. पहिल्याच दिवशी बुद्धिमापन चाचणी होते, मग एक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला आणि गटात बोलायला लावतात. यात बऱ्याच जणांना त्याच दिवशी परतीची गाडी धरावी लागते. जे राहतात त्यांना छातीवर नंबर मिळतो, आणि पुढचे दिवस हाक त्या नंबरानेच. मानसशास्त्रज्ञ मुलाने लिहिलेलं तपासतो: चित्रांवरच्या गोष्टी, दर 15 सेकंदांना एक याप्रमाणे 60 शब्दांवरची वाक्यं, अर्ध्या तासात 60 प्रसंगांना दिलेली उत्तरं. मैदानावरचा अधिकारी गटाबरोबर अडथळे पार करून घेताना पाहतो. मुलाखत घेणारा तिसराच. हे तिघे आपापलं मत वेगवेगळं बनवतात आणि शेवटच्या दिवशीच्या बैठकीत ते एकत्र मांडतात. एकाच्या कानात कोणी काही सांगितलं, तरी उरलेल्या दोघांच्या कागदांवर ते उतरत नाही. या पद्धतीत चुका होत नाहीत असं मी म्हणत नाही, चांगली मुलंही परत येतात. पण चांदूरहून गेलेल्या शेतकऱ्याच्या पोराला आणि दिल्लीच्या ब्रिगेडियरच्या मुलाला तिथे एकच दोरखंड आणि एकच फळी मिळते. पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रवासखर्चही परत मिळतो.

आता वऱ्हाडातला खास गैरसमज. पहाटे रस्त्याने धावणारी पोरं आपल्याकडे गावोगाव दिसतात. ती तयारी भरतीची असते, म्हणजे आता अग्निवीरची. धावणं जमलं की फौज जमली, हा हिशोब तिथे बराचसा बरोबर आहे, पण एनडीएला तो लागू पडत नाही. तिथे निवडीच्या टप्प्यात 1600 मीटरची शर्यत नसते. अंगमेहनतीत वऱ्हाडाचा हात धरणारं कोणी नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. आपली मुलं अडतात ती गणितात आणि इंग्रजीत. गणिताच्या पेपरात अडीच तासांत 120 प्रश्न असतात, आणि सामान्य क्षमतेच्या 600 पैकी 200 गुण निव्वळ इंग्रजीचे. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत येते, मराठीत नाही. हे कडू आहे, पण नववीपासून माहीत असलं तर पचवता येतं. आणि एक धीर देणारा आकडा: गेल्या काही वर्षांत लेखीची रेषा 900 पैकी साधारण 290 ते 360 च्या दरम्यान राहिली आहे. नव्वद टक्क्यांची भीती बाळगायचं कारण नाही. फक्त प्रत्येक पेपरात किमान गुणांची अट आहे, त्यामुळे गणित पूर्ण सोडून चालत नाही.

कला शाखेच्या मुलाला एनडीए बंद, असंही सर्रास सांगितलं जातं. भूदलासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हवं. गणिताचा पेपर मात्र सगळ्यांना सारखाच. बारावीला बसलेला विद्यार्थी अर्ज करू शकतो, अकरावीचा नाही. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. या वयात बसतील तितक्या वेळा परीक्षा देता येते.

चष्मा लागला म्हणून भूदलाचं दार आपोआप बंद होत नाही, ठरलेल्या मर्यादेपर्यंतचा नंबर चालतो. विमान उडवायचं असेल तर नियम कडक आहेत.

मुलींबद्दल अजूनही 'पोरींना एनडीएत घेत नाहीत' असं ऐकू येतं, तेही शिकलेल्या माणसांकडून. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट 2021 मधल्या अंतरिम आदेशानंतर मुली परीक्षेला बसू लागल्या. पहिली तुकडी 2022 साली खडकवासल्यात दाखल झाली आणि त्यातल्या 17 जणी मे 2025 मध्ये बाहेर पडल्या. जागा अजून कमी आहेत, हे खरं. पण मुलींना अर्जाची फी नाही आणि परीक्षा तीच.

कोट्याविषयीही गोंधळ आहे. एनडीएत जातीचं आरक्षण नाही आणि फौजीच्या मुलाला राखीव जागाही नाही. राखीव जागा असतात त्या सैनिक शाळांच्या प्रवेशात, सहावी आणि नववीला. तिथे मोठा वाटा त्या राज्याच्या मुलांचा असतो, शिवाय अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि सैनिकांची मुलं यांच्याही जागा ठरलेल्या आहेत. विदर्भातली सैनिक शाळा चंद्रपूरची, 2019 पासूनची. साताऱ्याची 1961 ची.

ज्या घराला महागडा क्लास परवडत नाही, त्याने एक नाव लिहून ठेवावं: सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, छत्रपती संभाजीनगर. राज्य सरकारने 1977 साली ती काढली. दहावीच्या मुलांची प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत घेऊन ती अकरावी-बारावीची दोन वर्षं एनडीएची तयारी करून घेते, प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. लेटरपॅडमागे धावणाऱ्या बापाने त्याऐवजी दहावीच्या वर्षात या परीक्षेची जाहिरात कधी येते यावर लक्ष ठेवलं, तर पोराचं जास्त भलं होईल.

पैशाचंही स्पष्ट सांगायला हवं. 'सीट मिळवून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. त्याच्या हातात विकायला काहीच नाही. खडकवासल्यात राहणं, जेवण, शिक्षण सरकारचं. पालकांकडे येतो तो हातखर्च आणि सुरुवातीची थोडी अनामत. तीन वर्षं तिथे आणि मग भूदलाच्या मुलांना एक वर्ष डेहराडूनला. विद्यावेतन या पुढच्या टप्प्यात सुरू होतं, बारावीनंतर लगेच पगार नाही. आणि मुलाने स्वतःच्या मर्जीने मध्येच सोडलं, तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल होऊ शकतो. प्रवेशाच्या कागदांवर सही करण्याआधी हे वाचून घ्यावं.

साडेएकोणीस उलटले म्हणजे अधिकारी होण्याची वाट संपली असं नाही. पदवीनंतर सीडीएस (कम्बाइंड डिफेन्स सर्व्हिसेस) परीक्षा आहे. कॉलेजात एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलेल्यांना लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला जाता येतं. जवान म्हणून भरती झालेल्यालाही आर्मी कॅडेट कॉलेजमार्फत अधिकारी होता येतं.

आणि एक काम आजच करण्यासारखं. यूपीएससी जन्मतारीख मानते ती दहावीच्या प्रमाणपत्रावरची. शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, आधारवर दुसरी, वडिलांच्या नावाची अक्षरं तिसरीकडे वेगळी, असं आपल्याकडे नेहमी आढळतं. दहावीचा फॉर्म भरायच्या आधी शाळेत जाऊन दाखला काढावा, आधारशी ताडून पाहावा आणि चूक असेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज देऊन तेव्हाच दुरुस्त करून घ्यावी.