डेल्को उतरवताना

जिप्सीचं बॉनेट उघडल्यावर मामांनी पाना उचलला नाही. डेल्कोची कॅप सोडवली, उलटी केली आणि नाकाशी नेली. मग भाच्यापुढे धरली. "घे वास. आता पुन्हा मिळायचा न्हाई."

वास ओळखीचा होता. दुपारभर यंत्र चालू असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा, तिखट, नाकाच्या टोकाला झोंबणारा. बंद कॅपमध्ये वर्षानुवर्षं ठिणग्या उडत राहिल्या की हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो, त्याचा हा वास. आतल्या पितळी टोकांवर हिरवट-पांढरी पूड साचली होती. भाच्यानं वास घेतल्यासारखं केलं आणि पुन्हा लॅपटॉपकडे वळला.

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात लेथचा आणि ग्राइंडरचा आवाज सकाळपासून सुरू असतो. त्यातल्याच एका गल्लीतलं हे गॅरेज. मामा साठीच्या पुढचे ऑटो इलेक्ट्रिशियन, फियाट-अँबॅसिडरच्या काळापासून पॉइंट घासत आलेले. भाचा डिप्लोमा झालेला. समोरची जिप्सी 1.3 लिटरची, कार्ब्युरेटरवाली. तिचे मालक गगनबावड्याकडचे. गेल्या पावसाळ्यात ओढ्यात गाडी घातली, पंख्यानं पाणी उडवलं, डेल्को भिजला आणि गाडी मधोमध बंद पडली. पाण्यापुढे साध्या डेल्कोचं काही चालत नाही. पण मालकांनी तिथंच ठरवलं, डेल्को काढायचा आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवायची.

मराठी गॅरेजात ज्याला डेल्को म्हणतात तो म्हणजे डिस्ट्रिब्युटर. एकाच कॉइलचा करंट आळीपाळीनं चार प्लगांना वाटणारा वाढपी. कॅपच्या मधोमध फिरणारा रोटर म्हणजे त्याचा हात. हे नाव आलं अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावाहून. चार्ल्स केटरिंगनं 1909मध्ये एडवर्ड डीड्ससोबत 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' काढली. त्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचं झालं डेल्को. 1912च्या कॅडिलॅकला याच कंपनीचा विजेचा स्टार्टर होता. म्हणजे उद्यमनगरात कुणी "सेल्फ मार" म्हणून ओरडतो तेव्हा तेही अर्धं केटरिंगचंच देणं. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग नाव तरी राहू दे त्याचं."

प्लगवर कॉइल ही काही कालची कल्पना नाही. स्वीडनच्या साबनं 1980च्या दशकातच चारही कॉइल एका डब्यात घालून थेट प्लगांवर बसवल्या होत्या. आता तर बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांना हीच पद्धत असते. जुन्या गाडीला ती बसवायची म्हणजे मात्र आधी इंजिनाला स्वतःची जागा सांगता आली पाहिजे.

भाच्याचा सगळा हिशेब एका आकड्याभोवती फिरत होता: तीन मिलिसेकंद. कॉइल भरायला साधारण तेवढा वेळ लागतो. चार सिलिंडरचं इंजिन 6000 आरपीएमवर फिरतं तेव्हा सेकंदाला 200 ठिणग्या लागतात. म्हणजे एकट्या कॉइलला दर ठिणगीमागे पाच मिलिसेकंद. त्यातले तीन भरण्यात गेले की ठिणगी पडून विझायला उरले दोन.

"तीन मिलिसेकंद," मामांनी तंबाखू मळता मळता पुन्हा म्हटलं. "आणि ही गाडी चिखलात सहा हजारावर कवा जाती?"

जात नाही, हे खरंच. पण भाच्याचं उत्तरही खोटं नव्हतं. तीन मिलिसेकंद हा चांगल्या बॅटरीचा आकडा. सेल्फ मारताना बॅटरी दहा व्होल्टच्या आसपास घसरते, तेव्हा कॉइल भरायला जास्त वेळ लागतो. नवा कंट्रोलर व्होल्टेज बघून तो वेळ वाढवून देतो. हा कंट्रोलर म्हणजे स्पीडुइनो. ऑस्ट्रेलियातल्या जोश स्टुअर्टनं सुरू केलेला, आर्डुइनो मेगा बोर्डावर चालणारा, ज्याचा नकाशा आणि प्रोग्रॅम सगळ्यांना खुला आहे असा. पेट्रोल अजून कार्ब्युरेटरच देणार होता. बोर्डाकडे फक्त ठिणगीचं खातं.

क्रँक पुलीच्या मागे बसवायचं दातेरी चाक शिरोली एमआयडीसीतून लेझरवर कापून आणलं होतं. 36 दात्यांची जागा, त्यातला एक दाता मुद्दाम गाळलेला. दर दात्याला 10 अंश. गाळलेली जागा सेन्सरसमोरून गेली की बोर्डाला कळतं, इंजिन कुठं आहे. लेथवर चाक पुलीला धरून सरळ करण्यात अर्धा दिवस गेला.

पिस्टनचा टॉप शोधणं मामांनी भाच्याकडे दिलं नाही. एका जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून त्यात बोल्ट वेल्ड केलेलं एक हत्यार त्यांच्या पेटीत होतं. पहिल्या सिलिंडरच्या भोकात ते घट्ट बसवलं आणि पुलीवर पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं. पिस्टन बोल्टला टेकला. पुलीवर खडूची रेघ. उलट फिरवलं, पुन्हा टेकला. दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये टॉप. मग सेन्सर आणि दाता यांच्यातली फट मोजायला त्यांनी फीलर गेज काढला. याच पात्यांनी त्यांनी हजारो वेळा पॉइंटची गॅप लावली असेल. तेव्हाचं रोजचं पातं 0.4 मिलिमीटरचं होतं. आज 0.8चं निघालं.

कॉइलनी मात्र छळलं. आजच्या गाड्यांत प्लग हेडच्या मधोमध खोल विहिरीत असतो आणि कॉइल त्या विहिरीत उभी राहते. या आठ व्हॉल्व्हच्या हेडला तशी विहीर नाही. प्लग बाजूनं बाहेर. त्यामुळे मोटरसायकलच्या बारक्या, पेन्सिलसारख्या कॉइल आणल्या. त्याही शिंगांसारख्या बाहेर आल्या. शेवटी अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी वाकवून चौघींना एकत्र धरलं, रबरी टोप्यांच्या आत सिलिकॉनचं ग्रीस भरलं. दिसायला काही खास नाही. धरून हलवलं तर हलत नव्हतं, एवढं खरं.

वायरिंग जोडताना मामा पहिल्यांदा चिडले. भाचा सांगत होता की कॅमचा सेन्सर नसल्यामुळे पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये एकदमच ठिणगी पडेल, एकात कामाची, दुसऱ्यात धूर बाहेर जाताना. तसंच दुसऱ्या-तिसऱ्याचं. "म्हंजे निम्म्या ठिणग्या वायाच?" वाया, पण फुकट वाया. प्रत्येक कॉइलला 6000 आरपीएमवरसुद्धा पाचाऐवजी दहा मिलिसेकंद मिळतात आणि त्यातले भरायला लागतात तीन. मामांनी मान हलवली. पटलं की नाही, ते कळलं नाही.

अर्थिंगवर मात्र त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. भाच्यानं कॉइलच्या आणि बोर्डाच्या काळ्या वायरी एकाच बोल्टखाली मडगार्डला आणल्या होत्या. मामांनी त्या सोडवल्या. मडगार्ड नको, त्याला रंग आहे, गंज आहे. ठिणगीचा करंट इंजिनातूनच परतायला बघतो, म्हणून कॉइलची अर्थ जाड वायरीनं थेट हेडला. सेन्सरची वेगळी, सरळ बोर्डाला. हेडवरची जागा त्यांनी पॉलिश पेपरनं घासून चकाकवली. चाळीस वर्षांत बंद गाड्या बघून आलेलं हे शहाणपण. नव्या बोर्डाच्या माहितीपत्रकातही हेच लिहिलेलं असतं, फक्त तिथं ते घासून दाखवायला कुणी नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेल्फ मारला. तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. भाच्यानं बोर्डाला टायमिंग 10 अंशांवर गोठवायला सांगितलं आणि टायमिंग लाइट पुलीवर रोखला. खूण जागच्या जागी उभी. त्यानं फोन काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात मामांनी आत हात घालून कार्ब्युरेटरची केबल ओढली. इंजिन चढलं आणि पांढरी खूण हळूच सरकली.

"चळतंय."

टायमिंग गोठवलेलं असताना ते सरकायला नको. भाच्यानं लॅपटॉपवर चार ठिकाणी बघितलं, पाचव्या ठिकाणी बोट ठेवून थांबला. मामा वाकून सेन्सरच्या दोन वायरींकडे बघत होते. "उलट्या करून बघ." तेच होतं. या जातीच्या सेन्सरला दिशा असते. वायरी उलट्या लागल्या की गाळलेल्या दात्यापाशी बोर्ड चुकीची कड पकडतो आणि वेग वाढेल तशी चूक वाढते. पक्कड, दोन पिना, पाच मिनिटं. पुन्हा केबल ओढली. खूण जागची हलली नाही. टायमिंग चळतं म्हणजे काय हे मामांना सेन्सरमुळे नव्हे, झिजलेल्या डेल्कोंमुळे ठाऊक होतं.

मालक आले ते अ‍ॅव्हरेज विचारतच. दोन-तीन किलोमीटर तरी वाढेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हा गैरसमज गॅरेजोगॅरेजी फिरतो. धडधाकट डेल्कोची ठिणगी साध्या इंजिनातलं पेट्रोल पुरेसं पेटवते. ठिणगी जास्त जोरकस केली म्हणून त्याच पेट्रोलातून जास्त ताकद निघत नाही. या खटाटोपातून मिळतं ते वेगळंच. न झिजणारं टायमिंग मिळतं, आणि पाण्यात भिजून दगा देणारी कॅप, रोटर, लांब केबली कायमच्या जातात. भाचा हे स्पष्ट सांगायला कचरत होता. मामांनी सांगून टाकलं. "अ‍ॅव्हरेज तेवढंच. वड्यात बंद पडणार न्हाई, एवढं बघा."

मग पाइप आणला. चालू इंजिनावर, कॉइलच्या पट्टीवर, मामांनी पाणी सोडलं. सायलेन्सरजवळ वाफ उठली. आवाज एकदाही तुटला नाही. डेल्कोच्या जागी आता ओ-रिंग घातलेली एक गोल पत्री होती. मामांनी सवयीनं तिच्याकडे वाकून नाक नेलं. तिथं फक्त ओल्या ऑइलचा वास होता.

गाडी निघताना त्यांनी जुना डेल्को ऑइलच्या फडक्यानं पुसला, पाचही केबली गुंडाळल्या आणि वर्तमानपत्रात बांधून मागच्या सीटखाली सरकवला. जुनी कॉइल त्यांनी काढूच दिली नव्हती. ती मडगार्डवर तशीच होती.

"मामा, आता त्याचं काय काम?" भाचा म्हणाला.

"गगनबावड्यात रातच्याला तुझा लॅपटॉप कोण आणणार? दोन बोल्टचं काम हाय." आणि मालकांकडे वळून, "टाकू नका हं. राहू द्या गाडीत."