दोघांची सॅक, एकच टूथपेस्ट
हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला निघालेल्या जोडप्याच्या सॅक उघडल्या, तर निम्म्या वस्तू दोन-दोन निघतात. दोन टूथपेस्ट, दोन पॉवर बँक, दोन प्रथमोपचार पेट्या. महागडी हलकी सॅक घेण्याआधी या जोड्या फोडाव्यात. त्याला पैसे पडत नाहीत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलली की जाड टॉवेल आपोआप बाहेर पडतो. पंचा पुरतो, वाळतोही लवकर.

उरलेले ओझे निम्मे-निम्मे वाटणे मात्र शरीराच्या हिशेबात बसत नाही. पाठीवर स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको, हा रूढ ठोकताळा. म्हणजे ७५ किलोच्या माणसाला १५ किलो चालतील, ५० किलोच्याला १० किलोच. जादा भाराचा त्रास खरा कळतो तो उतरताना. तेव्हा मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात आणि गुडघे कुरकुरू लागतात.

पाणी लिटरमागे किलोभर भरते, तरी त्यात काटकसर नको. टॉर्चही दोघांकडे वेगवेगळी हवी. अंधारात चुकामूक झाली, तर एकाची दुसऱ्याला दिसायचीही नाही.