खुराड्यातली उतरंड

मराठी म्हणींनी कोंबडीला फारसा मान दिलेला नाही. 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' म्हणताना मान कोंबड्याचा. 'आधी कोंबडी की आधी अंडं' या वादात कोंबडी येते ती निव्वळ तोंडी लावायला. भांडणाचा विषय निघाला तर आठवण होते ती कोंबड्यांच्या झुंजीची, म्हणजे पुन्हा नरांचीच. कोंबडी आपली गरीब; दाणे टिपणारी, अंडी देणारी आणि शेवटी रश्शात जाणारी! ज्यांची अशी समजूत असेल त्यांनी एखाद्या सकाळी परसात दाणे टाकले जात असताना पाच मिनिटं शांत उभं राहून पाहावं. पहिला दाणा कोण टिपते, दोन पावलं मागे कोण थांबते, कोणाच्या डोक्यावर टोच बसते आणि ती खाणारी वळून तिसरीलाच कशी टोचते, हे एकदा नीट पाहिलं की साहेबाच्या केबिनपासून शिपायाच्या स्टुलापर्यंतची सगळी उतरंड डोळ्यांपुढे उभी राहते. बँकेत उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला तर फारच लवकर.

पेणहून वडखळ, नागोठणे करत रोह्याकडे निघालं की आतल्या गावांत अजूनही कित्येक घरांच्या मागे पाच-दहा गावठी कोंबड्या असतात. त्यांच्या अंड्यांचे पैसे घरधन्याच्या खिशात सहसा जात नाहीत. ते बाईचे असतात. पोरांच्या वह्या, डॉक्टरची फी, माहेरी जायचं एसटीचं भाडं यातून निघतं. माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं अशाच गावांत गेली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातल्या सर्व विकास गटांत लागू झाला आणि १९९९ साली तो स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाला. त्यात म्हशी-शेळ्यांबरोबर कोंबड्यांसाठीही कर्जं दिली जात. अर्जात पिंजरा, खाद्य, औषधं, सगळ्यांचा हिशेब असे. कोंबड्यांच्या स्वभावासाठी मात्र एकही रकाना नव्हता. आणि पुष्कळदा धंदा बसायचा तो नेमका तिथेच.

गेल्या आषाढातली गोष्ट. पेणमध्ये आमच्या शेजारच्या वहिनी सकाळी सकाळी कुंपणापाशी आल्या. त्यांच्याकडे अकरा गावठी कोंबड्या. त्यांत त्यांनी वनराज जातीच्या तीन तलंगा नव्याने आणून सोडल्या होत्या. ही जात हैदराबादच्या कुक्कुटसंशोधन संस्थेत खास परसातल्या पालनासाठी तयार झाली. अंगाने भरलेली, स्वभावाने शांत. वहिनींच्या कळपाची म्होरकी होती एक तांबूस, सडपातळ कोंबडी. घरात तिचं नाव 'जमादारीण'. तिसऱ्याच दिवशी तिने एका तलंगीच्या शेपटीवरची पिसं उपटून कातडी उघडी केली. रक्त दिसताच बाकीच्याही तुटून पडल्या. वहिनींच्या मुलाने निकाल देऊन टाकला, "आठ दिवसांवर गटारी आहे. जमादारणीचा प्रश्न परस्पर मिटेल."

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही कोंबड्यांना कर्जं वाटलीत ना? मग सांगा काय करू. सगळ्यांत जास्त अंडी तीच देते हो!"

रक्ताला मात्र थांबून चालत नाही. लाल रंग दिसला की कोंबड्यांना टोचायचा मोह आवरत नाही आणि एकीचं पाहून दुसरी शिकते. म्हणून जखमी तलंगीला आधी बाजूला घेतलं, जखम धुऊन हळद-खोबरेल लावलं आणि तिला पडवीत डालग्याखाली ठेवलं. जखम खोल असती तर सरळ गुरांचा दवाखाना गाठायचा, त्यात घरगुती वैद्यकी करायची नाही. मग वहिनींना म्हटलं, गटारीला अजून आठवडा आहे, तेवढ्यात एका जाणत्या बाईंना विचारून येऊ. दिव्याहून येणारी रोहा गाडी पेणला पकडली आणि आम्ही रोह्याला उतरलो.

तिथून थोड्या अंतरावरच्या एका गावातल्या या आजी. ऐंशीच्या दशकात कोंबड्यांचं कर्ज घेऊन शेवटचा हप्ता वेळेआधी भरणारी बाई म्हणून माझ्या लक्षात राहिलेल्या. त्यांनी वहिनींची हकीकत ऐकली आणि एखाद्या मुरलेल्या तपासनिसासारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"खायची भांडी किती?"

"एकच. पण मोठं घमेलं आहे."

"मंग भांडण घमेल्याचं हाय बाय, कोंबडीचं नाय. नवी कोंबडी कवा सोडलीस? दिवसा का रातच्याला?"

"दिवसा."

"सून वाजत-गाजत आणावी, कोंबडी गुपचूप आणावी. आन् आता डालग्याखाली कोण हाय?"

"जखमी झालेली."

"म्हंजे जिनं मार खाल्ला ती कोंडलेली आन् जी मारते ती मोकळी! ती जमादारीण घाल डालग्याखाली. आठ दिस."

या तीन प्रश्नांत आजींनी जे सांगितलं, त्याला शास्त्राचाही आधार आहे. नॉर्वेतले प्राणिशास्त्रज्ञ थोर्लेइफ श्येल्डेरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या न्याहाळायचा छंद होता. कोणी कोणाला टोचलं याची नोंद ठेवता ठेवता त्यांच्या लक्षात आलं, की कळपातल्या प्रत्येक कोंबडीला दुसरीच्या तुलनेत आपली जागा ठाऊक असते. १९२२च्या सुमारास त्यांनी हे मांडलं आणि 'टोचण्याची उतरंड' ही कल्पना पुढे जगभर माणसांच्या कचेऱ्यांनाही लावली गेली. पण त्यातला एक भाग आपण विसरतो. उतरंड एकदा लागली की भांडणं कमी होतात. वरचीने नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला होते, रक्त सांडायची वेळ येत नाही. नवी कोंबडी आली, जुनी गेली किंवा जागा आखडली की उतरंड ढासळते आणि पुन्हा लागेपर्यंत टोचाटोची चालते.

म्हणूनच म्होरकीला कोंडायचं. आठवडाभर ती दिसेनाशी झाली की मागे राहिलेल्यांची नवी उतरंड लागते, आणि परत येते तेव्हा तीच नवखी असते. नव्या तलंगांना आठ-दहा दिवस जाळीच्या पलीकडे ठेवावं. दिसाव्यात, पण टोच पोहोचू नये. एकटी आणू नये, दोन-तीन मिळून आणाव्यात, म्हणजे मार वाटला जातो. मग अंधार पडल्यावर खुराड्यात सोडाव्यात. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही. सकाळी सगळ्या शेजारी शेजारीच जाग्या होतात. भांडण अजिबात होत नाही असं नव्हे, पण त्याची धार जाते.

राहिला जागेचा प्रश्न, आणि आमच्या या पट्ट्यात तोच मोठा. आठ महिने कोंबड्या वाडीभर हिंडतात, पाचोळा उकरतात, किडे टिपतात. हरलेलीला पळायला जागा असते. मृगाचा पाऊस सुरू झाला की त्याच कोंबड्या दिवसचे दिवस खुराड्यात. परत आल्यावर मी वहिनींच्या खुराड्याला टेप लावली. पाच फूट बाय चार फूट, म्हणजे वीस चौरस फूट, कोंबड्या चौदा. वाट्याला दीड चौरस फूटसुद्धा येत नव्हता. दिवसभर कोंडून राहणाऱ्या कोंबडीला चार चौरस फूट तरी हवेत. म्हणजे छप्पन्न चौरस फुटांच्या संसाराचा कारभार विसात चालला होता! मुंबईच्या चाळीत राहिलेल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको.

पडवीची एक बाजू जाळीने बंद करून तेवढी जागा काढली. एका घमेल्याची तीन भांडी केली आणि ती अशी लांब लांब ठेवली, की एकीला तिन्हींवर पहारा करता येऊ नये. पाण्याचंही तसंच. मुळ्याचा पाला जुडी बांधून चोचीच्या उंचीवर टांगला. रिकाम्या चोचीला काम मिळालं. कोरड्या कोपऱ्यात चुलीची राख आणि माती पसरली, कारण पावसाळ्यात कोंबडीला धूळ-अंघोळ मिळत नाही, अंगात उवा होतात आणि खाजेने ती चिडते.

आणि खाणं. नुसत्या तांदळाच्या कण्यांत प्रथिनं सात-आठ टक्के. अंड्यावरच्या कोंबडीला सोळाच्या आसपास लागतात. ती मिळाली नाहीत की ती दुसरीची पिसं उपटून खाऊ लागते. पिसांत प्रथिनंच असतात! आमच्याकडे त्यावरचा उपाय बाजारातच आहे. सुक्या जवळ्याचा चुरा थोडा थोडा कण्यांत मिसळावा, मात्र तो खारवलेला नसावा. फार मीठ कोंबडीला बाधतं.

प्रत्येक टोच म्हणजे मारकेपणा नव्हे, हेही ओळखायला हवं. पिलांची आई अंगावर येते ती तिचं कर्तव्य म्हणून. तिच्या वाटेला जाऊ नये. खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठवताना हातावर टोच मारते, तोही राग नव्हे. तिला रवणीला बसवायचं नसेल तर थोडे दिवस हवेशीर, उजेडाच्या जागी ठेवावं. आपोआप मोकळी होते.

मोठ्या व्यवसायात टोचण्यावर चोचीचं टोक कापण्याचा उपाय करतात. पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्युअर यांनी वेगळीच वाट धरली. एकेकटी जास्त अंडी देणारी कोंबडी निवडण्याऐवजी त्यांनी एकत्र पिंजऱ्यात राहून चांगली अंडी देणारे गटच्या गट निवडले. कोंबड्यांच्या चोची शाबूत ठेवल्या. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या पिढीत वर्षाकाठी ६८ टक्के असलेलं मरणाचं प्रमाण चौथ्या पिढीत ९ टक्क्यांच्याही खाली आलं, आणि अंडी वाढली. जी एकटी सगळ्यांत पुढे दिसते ती पुष्कळदा इतरांना मागे रेटूनच पुढे गेलेली असते. वहिनींची जमादारीण सगळ्यांत जास्त अंडी द्यायची, त्यातलं थोडं श्रेय तिच्या चोचीचंही असावं.

आठ दिवसांनी जमादारीण डालग्याखालून सुटली. दोन दिवस तिने जुना अधिकार गाजवून पाहिला, पण मधल्या काळात एका काळ्या कोंबडीने गादी घेतली होती. आता ती तिसरी की चौथी आहे. तिची अंडी चालू आहेत. जखमी तलंगीला महिना-दीड महिन्यात नवी पिसं आली आणि अश्विनात तिने पहिलं अंडं घातलं. कळपाची एकूण अंडी वाढली, असं वहिनींची वही सांगते. गटारीला त्यांच्याकडे मटण झालं.

सगळ्याच जमादारणी अशा सुधारतात असं मी म्हणणार नाही. काहींना रक्ताची चटक लागते ती सुटत नाही. आजींनीही आयुष्यात अशा काही पाहिल्या; त्या त्यांनी एकदोनच कोंबड्या पाळणाऱ्याला दिल्या किंवा सरळ चुलीवर चढवल्या. त्याला माझी हरकत नाही. मी काही शाकाहारी नव्हे. पण कर्ज थकलं की आम्हाला एक शिस्त असे. नोटीस काढण्याआधी जागेवर जाऊन पाहणी करायची. म्हैस आटली आहे की चाराच नाही, हे ऑफिसात बसून कळत नाही. कोंबडीलाही तेवढी पाहणी मिळायला हवी. टेप लावा, भांडी मोजा, कण्यांत जवळा घाला, आठ दिवस डालगं वापरा. एवढं करूनही रक्त थांबलं नाही, तर खुशाल वाटण वाटायला घ्या.