स्पीकरचा आवाज का बसला?

दिवाणखान्यातील पुस्तकांच्या कपाटावर ठेवलेली लहान स्पीकरची जोडी वर्षानुवर्षे घराला सोबत करते. मग एके दिवशी बटण शेवटपर्यंत फिरवूनही पुरेसा आवाज येत नाही. 'गेले कामातून' म्हणून नवी जोडी आणण्याची घाई होते. आजोबांनी 'ऐकू येत नाही' म्हटले, तर दोष त्यांच्या कानांना दिला जातो. वास्तविक आवाज बसण्याची बरीच कारणे स्पीकरच्या बाहेरच असतात आणि ती घरच्या घरी दूर करता येतात.

आधी बाहेर शोधा

अशा जोडीतील एका पेटीत अ‍ॅम्प्लिफायर असतो, दुसरी पेटी तारेने त्याला जोडलेली असते. फोन किंवा टीव्हीचा आवाज कमी ठेवला असेल, तर स्पीकरचे बटण कितीही फिरवले तरी उपयोग नाही. ब्लूटूथवर फोनचा आणि स्पीकरचा आवाज अनेकदा वेगवेगळा वाढवावा लागतो. फोनमधील आवाजाची मर्यादा चालू नाही ना, तेही पाहा.

जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांची अडचण वेगळी असते. रेकॉर्ड प्लेयरच्या सुईकडून जेमतेम 5 मिलिव्होल्टच्या आसपास संदेश येतो, तर स्पीकरला सुमारे 300 मिलिव्होल्ट अपेक्षित असतात. येथे स्पीकर निर्दोष असतो; मध्ये फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर हवा.

डावे-उजवे बदलून पाहा

एकाच बाजूचा आवाज कमी असेल, तर स्पीकरमागील लाल व पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा. कमी आवाज दुसऱ्या पेटीत गेला, तर दोष केबलमध्ये किंवा फोन-टीव्हीत आहे. मग आधी केबल बदलून पाहावी. आवाज त्याच पेटीत कमी राहिला, तर दोष स्पीकरच्या जोडीतच आहे. पिन पूर्ण आत बसली आहे ना, जॅकमध्ये धूळ नाही ना, हेही तपासा.

आवाज पोकळ वाटत असेल आणि तबला, ढोलकीचा घुमारा हरवला असेल, तर दोन पेट्यांमधील तारेची लाल-काळी टोके उलटी लागली असण्याची शक्यता आहे. दोन्ही पडदे विरुद्ध दिशेने हलतात आणि खर्जाचा आवाज एकमेकांना मारतो. वीज बंद करून टोके सरळ लावली की काम झाले.

बटण खरखरते का?

बटण फिरवताना खरखर होऊन आवाज येत-जात असेल, तर आतील कार्बनच्या पट्टीवर धूळ साचलेली असते. प्लग काढून बटण वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. एवढ्याने भागले नाही, तर मेकॅनिककडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या.

पेटी उघडण्याआधी

येथून पुढचे काम जाणकाराचे. प्लग काढल्यावरही आतील मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते आणि तिचा झटका बसू शकतो. कंडेन्सर वाळला किंवा फुगला, तर घुमण्याचा आवाज येतो आणि मोठ्या आवाजात स्पीकर दम तोडतो. कॉइल ठीक असेल तर 8 ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण 6 ते 7 ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे किंवा तारेचा डाग सुटला आहे. पडद्याभोवतीची फोमची कडा दमट हवेत काही वर्षांत कुजते, पण ती नवी बसवता येते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट, बेंगळुरूचा एस. पी. रोड येथे असे सुटे भाग मिळतात.

नवे घ्यायचेच असेल तर

दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे. वॅट दुप्पट केल्यास आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो; कानाला दुप्पट वाटण्यासाठी जवळजवळ दहापट वॅट लागतात. म्हणून खोक्यावरील 'पीएमपीओ'च्या मोठ्या आकड्याला भुलू नका, आरएमएस वॅट पाहा.

आणि सर्व तपासणीनंतरही घरातील इतरांना आवाज पुरेसा वाटतो, पण एकालाच तो कमी वाटतो, असे असेल तर स्पीकर दुरुस्तीला पाठवू नका. बटण वाढवत राहण्यापेक्षा त्या व्यक्तीला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे घेऊन जा. कधी कानात साचलेला मळ हेच कारण निघते, तर कधी श्रवणयंत्राची गरज वेळेवर कळते.