विश्लेषण : ‘बाबांकडे जायचं नाही’... मुलाच्या नकाराचा अर्थ कसा लावायचा?

पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात मुलाच्या ताब्याचा वाद आला की अनेकदा सगळे एका वाक्याभोवती फिरते : ‘मला बाबांकडे जायचं नाही’ किंवा ‘आईला भेटायचं नाही’. एक बाजू म्हणते मूल घाबरलेय, दुसरी म्हणते त्याला पढवलेय. अशा वेळी न्यायालय समुपदेशकाकडून अहवाल मागवू शकते. समुपदेशक नेमण्याची तरतूद १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यातच आहे.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणते?

एका पालकाने मुलाचे मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करणे, याला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ मध्ये ‘पॅरेंटल एलियनेशन सिंड्रोम’ म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका ताबा प्रकरणात या संज्ञेची दखल घेतली. मात्र, मनोविकारांच्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकी वर्गीकरणात हा सिंड्रोम नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच बजावले की, हे लेबल घाईने लावू नका. दुरावा निर्माण करणाऱ्या वर्तनाच्या नेमक्या घटना आधी शोधा. त्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा आदेश रद्द झाला आणि मुले वडिलांकडे राहिली.

मग पाहायचे काय?

‘मुलीला भडकावलेले दिसते’ हे झाले मत. ‘सात वर्षांच्या मुलीने पोटगीचा आकडा सांगितला’ ही झाली नोंद. वयाला न शोभणारे शब्द, कारण विचारल्यावर तेच ते पाठ वाक्य, उत्तर देण्याआधी एका पालकाच्या चेहऱ्याकडे पाहणे, भेटीच्या आदल्या रात्री पोट दुखणे किंवा अंथरूण ओले होणे, हे सगळे टिपायला हवे. अडचण अशी, की यातली बरीच लक्षणे मार खाल्लेल्या मुलातही दिसतात. पोटदुखी कोणामुळे, हे पोट सांगत नाही! घरातल्या हिंसेमुळे मुलाला दूर ठेवणाऱ्या आईवर ‘पढवल्याचा’ शिक्का बसण्याचा धोका इथेच असतो.

शिवाय, कोणी पढवलेले नसतानाही इजा होते. मुलाकरवी निरोप धाडणे, भेटीनंतर उलटतपासणी घेणे, त्याच्यादेखत कोर्टाचे कागद वाचणे, यांत अनेकदा दोघेही पालक सामील असतात.

म्हणून मुलाला एकटे, एकाहून अधिक वेळा, शक्यतो दोन्ही घरी भेटावे. शाळेतल्या बाईंशी बोलावे. ‘आई जास्त आवडते की बाबा?’ हे विचारूच नये. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवावे, सोबत तारीख आणि तेव्हा खोलीत कोण कोण होते तेही.